आई शुगर तपासायला नको म्हणते. बळजबरी करावी का?

माणदेशी_पुणेकर:
आई ५४ वर्षांची, गावी माण तालुक्यात राहते. परवा आशाताई येऊन आजारांच्या जोखमीचा गुण देणारा फॉर्म भरून गेल्या. आजीला आणि मामाला शुगर असल्यामुळे आईचे गुण चारच्या वर गेले आणि तिला उपकेंद्रात बोलावलंय. आई म्हणते, "मला काही होत नाही. एकदा नाव लागलं की गोळ्या सुटत नाहीत." मी रोज फोनवर मागे लागतो. बायको म्हणते, शरीर त्यांचं आहे, त्यांना ठरवू दे. काय करू?

कृष्णाकाठ:
विचारताय काय, गाडीत घालून न्या. आमच्या वडिलांना पायाची जखम चिघळल्यावर शुगर कळली. अंगठा काढावा लागला.

निवृत्त_सिस्टर:
मी आरोग्यसेविका होते, अशा नकार देणाऱ्या बायका खूप पाहिल्यात. ओढून आणलेली बाई बोट टोचून घेते आणि पुन्हा फिरकत नाही. म्हणून आधी सगळं सांगा, मग विचारा.

उपकेंद्रातलं बोट टोचणं ही फक्त चाळणी. १४० च्या वर आलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. तिथे उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनंतरची २०० निघाली, तरी त्रास काहीच नसेल तर पुन्हा तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नसतो. हे आईला नक्की सांगा, तिची भीती त्या शिक्क्याचीच आहे. कुणी थेट तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) करायला सांगितलं तर आधी हिमोग्लोबिन बघा. अंगात लोह कमी असलं की तो आकडा उगाच चढलेला दिसू शकतो, आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणं काही नवं नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर निदान झाल्यावर पुष्कळांना त्या कायम लागतात, ते लपवू नका. पण काठावरची शुगर निघाली तर हातात बरंच काही असतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्याच अभ्यासात, अशा लोकांमध्ये नुसत्या आहार-व्यायामाने सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं.

दुसरी बाजूही सांगा. इंग्लंडमध्ये जोखमीच्या लोकांना बोलावून तपासलं, तरी दहाएक वर्षांत मृत्यू कमी झाले नाहीत. पण तिथे लोकांची एरवीही डॉक्टरांकडे तपासणी होत असते. आपल्याकडे जखम चिघळेपर्यंत कळत नाही, वर दादांनी लिहिलंय तसं. तुमच्या आईच्या जागी मी असते तर तपासून घेतलं असतं. तरीही सगळं ऐकून त्या नको म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय.

माणदेशी_पुणेकर:
ताई, एवढं सगळं सांगितलं तर ती पक्की नाहीच म्हणेल.

निवृत्त_सिस्टर:
तसं होत नाही. हेसुद्धा इंग्लंडमध्ये तपासून पाहिलंय, २०१० साली छापून आलं. साध्या बोलावण्यावर शंभरातले ५८ आले, फायदे-तोटे दोन्ही लिहिलेल्या पत्रावर ५६.

आणि फोनवर नको, रविवारी घरी जा. तहान, रात्री लघवीला उठणं, वजन उतरणं यातलं काही आहे का ते आधी विचारा. असेल तर ही चाळणी राहत नाही, आजारपणाची तपासणी होते. मग थांबू नका, सोमवारी सकाळी उपाशीपोटीच आरोग्य केंद्रात घेऊन जा.

माणदेशी_पुणेकर:
रात्री दोनदा उठते, म्हणते वयामुळे. शनिवारीच निघतो.