टायर आतून खातोय म्हणून कॅम्बरच्या नावाने खडे फोडणं बंद करा

तिरकं_चाक

छोट्या स्प्रिंग टाकून गाडी खाली घेतली आणि टायर आतल्या कडेने झिजले की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, कॅम्बर वाढला, म्हणजे चाकाचं वरचं टोक जास्त आत कललं (आत कल म्हणजे उणे कॅम्बर). मग लगेच तो कल बदलणारे पार्ट, कॅम्बर बोल्ट बघ, कॅम्बर प्लेट बघ, ॲडजस्टेबल आर्म मागव, हे सुरू. माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या वापरातली गाडी ३०-४० मिमी खाली घेतली असेल तर टायर खाणारा चोर बहुतेक वेळा टो असतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळलेलं असणं. स्प्रिंग बदलल्यावर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) कोन बदलतो, टाय रॉडचाही (चाक वळवणारा दांडा) बदलतो, पण दोघांची लांबी आणि कोन सारखे नसतात त्यामुळे दोघं वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि चाकाचं तोंड थोडं आत नाहीतर बाहेर वळतं. कुठल्या बाजूला वळणार ते स्टिअरिंग रॅक एक्सलच्या पुढे आहे की मागे यावर आणि टाय रॉडच्या कोनावर आहे.

आता साधा हिशोब करा. दोन्ही चाकं प्रत्येकी अर्धा डिग्री वाकडी असतील तर दर किलोमीटरला प्रत्येक चाक जवळपास पावणेनऊ मीटर आडवं ओढलं जातं. दर किलोमीटरला! उलट कॅम्बर उणे २ डिग्री आहे पण टो शून्याच्या आसपास आहे अशा गाडीचे टायर बऱ्यापैकी टिकतात. आधी टो लावून घ्या, पार्ट नंतर मागवा.

सरळमार्गी

पावणेनऊ मीटर ऐकायला भारी वाटतंय, पण टायर लोखंडी नाही ना राव. रबर आधी वाकतं, मग घसरतं. रस्त्याला टेकलेल्या पट्ट्याच्या पुढच्या भागात ट्रेड रस्ता धरून असतो, चाक पुढे जाईल तसा आडवा ताणला जातो आणि मागच्या टोकाला सुटताना घसरतो. म्हणजे घासतो, मान्य, पण सगळेच्या सगळे मीटर घासत नाही.

आणि कॅम्बरला तुम्ही असा क्लीनचिट देऊन टाकलात की त्याचा काही संबंधच नाही. २०० मिमी रुंद ट्रेड ३ डिग्री कलला तर आतली आणि बाहेरची कड यांच्या उंचीत १० मिमीचा फरक पडतो. टायर दबतो म्हणून दोन्ही कडा टेकतात, पण वजन आतल्या खांद्यावर जातं आणि आतली कड जास्त दाबली गेल्यामुळे तिची त्रिज्या बाहेरच्या कडेपेक्षा कमी होते. दोघी एकाच रिमवर, फिरायचं एकाच वेगाने, मग कोणीतरी घासणारच. रेस ट्रॅकवर चालतं कारण वळणात गाडी झुकते आणि बाहेरच्या बाजूचं चाक सरळ होऊन पूर्ण टेकतं. तुमची गाडी दिवसभर हायवेवर नाकासमोर चालणार असेल तर तो कॅम्बर कामाला येतोच कधी?

शॉकअप_भाऊ

दोघंही मशीनच्या रीडिंगवरून भांडताय, टायरला हात कोणी लावला का?

चाक सरळ उभं असताना तळहात ट्रेडवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. टो बिघडलेला असेल तर एका दिशेला हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचतं, प्रत्येक पट्टीची एक कड गोल झालेली आणि दुसरी धारदार. धारदार कड गाडीच्या आतल्या बाजूला असेल तर टो-इन जास्त, बाहेरच्या बाजूला असेल तर टो-आउट. नुसता कॅम्बर असेल तर टोचत नाही, आतला खांदा फक्त उतरत गेलेला असतो, सलग उतार. आणि ट्रेडवर ठिकठिकाणी वाटीसारखे खड्डे असतील तर अलाइनमेंट सोडा, शॉक बघा नाहीतर बॅलन्सिंग बघा.

खाली घेतलेल्या गाडीत बहुतेक वेळा दोन्ही एकत्र सापडतं. कॅम्बरने सगळं वजन आतल्या खांद्यावर आणून ठेवलेलं असतं आणि टो-आउट त्याच खांद्याला आडवं घासत असतो. त्यामुळे कोण दोषी हा वादच मला थोडा फालतू वाटतो. पण पहिला पाना कशाला लावायचा विचाराल तर टोला, एवढं तिरकं_चाकच्या बाजूने.

खालची_आवड

गाडी चिकटून बसलेली दिसली पाहिजे, चाक फेंडरच्या आत गेलं पाहिजे, त्यासाठी कॅम्बर लागतो. टायर झिजणारच, झिजायलाच बनवलाय. पुढचा विषय.

सरळमार्गी

@खालची_आवड दिसण्याचं दिसण्यापाशी ठेवा, पण अशा टायरचा धोका बाहेरून दिसत नाही. उभं राहून बघितलं तर बाहेरचा ट्रेड नव्यासारखा, झिजेची १.६ मिमीची खूण अजून लांब वाटते, आणि आतल्या कडेला तारा दिसायला लागलेल्या असतात. पावसात पाणी बाहेर टाकायचं काम करणारे ग्रूव्ह आतल्या बाजूचे संपलेले आणि वजन नेमकं तिथेच. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारून आतली कड बघा, मागच्या चाकांना तर वाकूनच बघावं लागतं.

जुनाट_इंजिन

मी या सगळ्याच्या विरोधात. कंपनीने उंची काहीतरी विचार करून ठेवलेली असते. स्ट्रटवाली (स्प्रिंग आणि शॉक एकत्र, खाली एकच आर्म) गाडी खाली घेतली, लोअर आर्म आडव्याच्याही वर गेला की पुढे चाक दबताना कॅम्बर वाढायच्या ऐवजी उलटा कमी व्हायला लागतो. म्हणजे उभी असताना टायर आतून खाणारी आणि वळणात हवा तेव्हा कॅम्बर न देणारी, दोन्हीकडून तोटा. शिवाय रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातं, त्यामुळे झुकण्याची ओढ वाढते आणि ती झाकायला अजून कडक स्प्रिंग. मूळ शॉकवर छोटी स्प्रिंग टाकली असेल तर शॉकचा दांडा खालच्या भागातच खेळतो आणि प्रत्येक खड्ड्यात बम्प स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आपटतो. कुठला टो आणि कुठला कॅम्बर, आधी मूळ स्प्रिंग परत टाका.

तिरकं_चाक

@सरळमार्गी रबर वाकतं हे बरोबर, माझ्या आकड्याला "एवढं घासतं" म्हणू नका, "एवढं ओढलं जातं" म्हणा, मी लिहिलंही तेच होतं. पण कॅम्बरचा हिशोब करताना रबर लवचीक आहे हे तुम्हीही थोडं विसरलात :)

@जुनाट_इंजिन तुमचं रोल सेंटरचं बरोबर आहे, पण त्यावरून "खाली घेऊच नका" हे कसं निघालं? त्यासाठी लांब दांड्याचे बॉल जॉइंट मिळतात, शॉकसकट स्प्रिंगचे सेट मिळतात. आणि ३० मिमीमध्ये सगळ्याच गाड्यांचा आर्म आडव्याच्या वर जात नाही, बघायला गाडीखाली दोन मिनिटं लागतात.

मला राग खरं तर त्या प्रिंटआउटचा आहे. अलाइनमेंटवाला कागद देतो, सगळं हिरवं, आपण खूश. हिरवं म्हणजे कंपनीच्या मर्यादेत एवढंच, आणि ती मर्यादा मूळ उंचीला धरून आहे. त्या मर्यादेत डावा टो एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला असला तरी कागद हिरवाच. पुढे असं असेल तर चालताना दोन्ही चाकं फरक वाटून घेतात आणि स्टिअरिंग वाकडं राहतं, म्हणून निदान कळतं तरी. मागे असेल तर गाडी किंचित तिरकी चालते आणि लोक पुढचंच अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करत बसतात.

सरळमार्गी

मागचा विषय काढलात ते बरं झालं, कारण तिथेच तुमचं "टो लावा, बाकी सोडा" अडतं. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर खाली घेतल्याने कॅम्बर फारसा हलत नाही, तिथे वाद नाही. पण मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगवेगळे अनेक आर्म) असेल तर चाक वर गेलं की मागचा कॅम्बर भराभर वाढतो, उणे अडीच-तीन सहज होतो, आणि बऱ्याच गाड्यांत मागे कॅम्बर लावायची सोयच नसते, फक्त टोचा एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म सरकवणारा) असतो. टो अगदी मापात आणला तरी आतला खांदा जाणारच, कारण वजन तिथून हलतच नाही. अशा गाडीला ॲडजस्टेबल आर्म लागतो, उगाच मागवलेला पार्ट नाही तो. आणि पुढेमागे टायर वेगळ्या मापाचे असतील तर पुढचे मागे असं रोटेशनही (टायरची अदलाबदल) करता येत नाही, एका दिशेचे टायर असतील तर फक्त त्याच बाजूला पुढचे मागे.

शॉकअप_भाऊ

मल्टिलिंकचं मला पटलं, आर्म घ्या.

पण आर्म लावा नाहीतर स्प्रिंग, एक गोष्ट जवळपास कोणी करत नाही. बुशचे (आर्मच्या सांध्यातलं रबर) बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळू नका. रबर बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळतो. चाक लटकत असताना आवळला की तीच त्याची मूळ जागा होते, आणि गाडी खाली उतरवली की तो कायम पिळलेल्या अवस्थेत. गाडी ठरलेल्या उंचीला नीट बसत नाही, बुश लवकर फाटतो, मग आर्म खेळायला लागतो आणि चालताना टो मनाला येईल तिकडे. मशीनवर उभी असताना रीडिंग छान, रस्त्यावर ब्रेक मारला की वेगळंच. म्हणून बोल्ट ढिले ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची, मग आवळायचे. नवीन स्प्रिंग थोडी बसतेही, म्हणून काही दिवस चालवून मगच शेवटचं अलाइनमेंट. आणि क्रम मागून पुढे, कॅम्बर आधी, टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच.

जुनाट_इंजिन

एवढं सगळं करण्यापेक्षा मूळ स्प्रिंग टाकणं सोपं नाही का, परत विचारतो.

तिरकं_चाक

सोपं आहेच, कोण नाही म्हणतंय काका. @सरळमार्गी मागच्या मल्टिलिंकपुरतं मी मागे घेतो, उणे अडीचच्या पुढे असेल तर आर्म. पण पुढच्या स्ट्रटला उणे दीड-पावणेदोन रीडिंग असताना कॅम्बर बोल्ट टाकायला सांगणारे जे आहेत त्यांच्याशी माझं भांडण तसंच आहे. आणि कोणाकडे खाली घेतलेल्या गाडीची स्प्रिंग टाकण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही रीडिंग असतील तर इथे टाका. चारही चाकांचा टो वेगवेगळा लिहा, नुसती बेरीज नको.