बेलम आणि बिल्लासुरगम गुहा: कुणी गेलंय का?

मंडळी, मदत हवी आहे. डिसेंबरात आईला घेऊन आंध्रातल्या बेलम गुहा बघायचा बेत आहे. चुनखडीत पाण्याने कोरलेली ३,२२९ मीटरची गुहा! पाताळगंगेपर्यंतच्या (गुहेतली सर्वात खोल जागा) पायऱ्या गुडघेदुखीवाल्याला झेपतील का? आत दमट उकाडा असतो म्हणे. मध्ये टेकायला जागा आहे?

मला खरी ओढ मात्र बेटमचेर्लाजवळच्या बिल्लासुरगमची. ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांच्या मुलाने १८८०च्या दशकात तिथल्या मातीतून प्राण्यांची हाडं आणि हाडांची हत्यारं काढली. बेलमसारखे दिवे-बिवे तिथे नसणारच. गावातून वाटाड्या मिळतो का? गाडी कुठवर जाते? सोलापूरहून स्वतःच्या गाडीने निघणार. दोन्ही एका दिवसात उरकतील की बेलमजवळच्या ताडिपत्रीला मुक्काम करावा?