महागडी एसयूव्ही आणि शोरूमचं एस्टिमेट: तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात माझ्या आठ वर्षं जुन्या जर्मन एसयूव्हीचं एस्टिमेट हातात पडलं, 4 लाख 12 हजार. शेवटी काम 1 लाख 86 हजारांत झालं, तेही त्याच शोरूममध्ये. असं तुमच्याही वाट्याला आलं असेल तर रकमेसकट लिहा. शोरूमचं नाव नको. गाडीचं वय, किलोमीटर, काय सांगितलं आणि शेवटी काय निघालं, एवढं पुरे.

माझी गाडी सकाळी पुढून डाव्या बाजूला बसलेली असायची. चालू केली की मिनिटभरात वर यायची. एस्टिमेटमध्ये पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरावर गाडी तोलणारे भाग), कॉम्प्रेसर (त्यांत हवा भरणारा पंप) आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (कुठल्या चाकाला हवा सोडायची ते सांभाळणारा भाग) धरले होते. "हवा नेमकी कुठून जाते?" असं विचारलं तर अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, अख्खी सिस्टिमच बदलावी लागते."

रविवारी चाक पूर्ण वळवलं, भांड्यांचा साबण पाण्यात कालवला आणि लांब दांड्याच्या ब्रशने दोन्ही स्ट्रटच्या रबराला लावला. (चाकाच्या कमानीत हात घालू नका, गाडी अचानक बसते.) डावीकडे, रबर दुमडतं बरोबर तिथे, बारीक बुडबुड्यांची रांग उठली. उजवी बाजू कोरडी. त्याचा व्हिडिओ सोमवारी वर्क्स मॅनेजरना दाखवला. त्यांनी गाडी परत लिफ्टवर घेतली आणि कॉम्प्रेसर किती वेळात दाब भरतो ते माझ्यासमोर स्कॅनरवर पाहिलं. दाब व्यवस्थित होता. डावा स्ट्रट आणि कॉम्प्रेसरचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच), एवढंच बदललं. रिलेबद्दल त्यांचं म्हणणं मला पटलं: हवा गळत असली की कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि रिले जळून चिकटला तर कॉम्प्रेसरही जातो. उजवा स्ट्रट त्याच वयाचा आहे, तोही कधीतरी जाणार. तो कधी बदलायचा ते मात्र मी ठरवणार.

नाशिकहून

डिझेल एसयूव्ही, 58 हजार किमी, बहुतेक सगळं गावातल्या गावात. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला आणि नव्या फिल्टरचं एस्टिमेट आलं, अडीच लाखांच्या वर. मी स्कॅनचा प्रिंट मागितला. त्यात काजळी किती आणि राख किती हे वेगवेगळं दिसतं. काजळी जाळता येते, राख जळत नाही. राखेने फिल्टर भरला तरच तो साफ करण्याचा किंवा बदलण्याचा प्रश्न येतो. माझ्या गाडीत राख नाममात्र होती. वर्कशॉपमध्येच रीजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून घेतली, साडेसात हजार लागले. आता दर पंधरवड्याला हायवेवर तासभर गाडी एकसारख्या वेगात पळवतो, दिवा परत लागलेला नाही. तो प्रिंट मागितला नसता तर मी पैसे भरून मोकळा झालो असतो.

ठाण्याहून

गाडी माझ्या नावावर, मीच चालवते. तरी अ‍ॅडव्हायझरचं पालुपद एकच, "मॅडम, साहेबांशी बोलून घेऊ का?" ब्रेकच्या चारही डिस्क आणि पॅड बदलायला सांगितलं होतं, 1 लाख 38 हजार. मी म्हटलं, माझ्यासमोर मोजा. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. फिटरने कडेचा गंज पुसून आकडा दाखवला आणि मायक्रोमीटर लावला. मागच्या डिस्क खरोखर संपल्या होत्या, पुढच्यांत बराच जीव होता. पॅड चारही बदलले. तो फिटर शेवटपर्यंत माझ्याशीच बोलला, त्याचे मनापासून आभार.

सहा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो

आतली एक गोष्ट सांगतो. लेबर घड्याळावर लागत नाही, कंपनीने प्रत्येक कामाला ठरवून दिलेल्या तासांवर लागतं. वॉटर पंप आणि बेल्ट दोन्ही बदलायचे असतील तर समोरची खोलाखोल एकदाच होते, पण एस्टिमेटमध्ये ती दोनदा धरलेली असू शकते. "दोन्ही कामांतली खोलाखोल एकच आहे ना?" एवढं विचारा. मी स्वतः असे तास कितीदा तरी कमी करून दिले आहेत, ग्राहकाने विचारलं तेव्हाच. इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग या ओळींवर आधी बोट ठेवा. महिनाअखेरीला आमच्यावर त्यांचं टार्गेट असायचं.

कॅलिफोर्नियाहून

इथे कायद्यानेच काम सुरू करण्याआधी लेखी एस्टिमेट द्यावं लागतं, आणि बिल त्याच्या वर जाणार असेल तर आधी तुमची परवानगी घ्यावी लागते. गाडी देतानाच सांगितलं तर जुना पार्टही परत मागता येतो. मी दरवेळी सांगते.

कोल्हापूरहून

मला "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली" असं सांगून लोअर आर्मचं (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं) काम शोरूममध्येच करायला लावलं. नंतर वाचलं, स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014च्या आदेशात अशी सरसकट अट घालायला मनाई केली होती. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान होईल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं त्यात होतं. पुढे प्रकरण अपिलांत गेलं, पण तो आदेश वाचून मला बोलायला बळ आलं. तरी स्वस्ताईच्या मागे लागू नका. मी नंतर बाहेरून नकली बुश (सांध्यातले रबर) बसवले, पाच महिन्यांत गाडी खडखडायला लागली आणि ओरिजिनलचे पैसे परत मोजले.

सोलापूरहून

माझं एस्टिमेट उद्या येतंय. गिअरबॉक्सखाली तेलाचे डाग आहेत. आठ गिअरची ऑटोमॅटिक आहे. फोनवर "ओव्हरहॉल करावं लागेल" म्हणाले, म्हणजे गिअरबॉक्स पूर्ण खोलून दुरुस्ती. काय विचारू?

(धागाकर्ता) ओव्हरहॉलला लगेच हो म्हणू नका. अशा बऱ्याच गिअरबॉक्सना खालचा पॅन (तेल साठतं ते तळाचं भांडं) प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच असतो. कधी पॅनला तडा जातो, कधी वायरिंगच्या जोडाजवळचं सील गळतं. आधी खालचा भाग पुसायला सांगा, वीस किलोमीटर फिरवा आणि लिफ्टवर शेजारी उभे राहून ताजं तेल कुठून येतं ते बघा. गाडी चालवताना गिअर नीट पडतात का तेही सांगा. फोटो इथेच टाका.