नव्या पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग, आणि सोसायटीतल्या फडक्याचं काय करू?

नवशिक्या_पुणे: नमस्कार मंडळी, दसऱ्याला पहिलीच नवी गाडी घेतली, पांढरी. आईने बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते पुसायला मन होईना म्हणून चार दिवस तसंच ठेवलं आणि आता धुतलं तर पिवळट छटा उरलीच. दुसरं म्हणजे सोसायटीतले काका रोज एका बादलीत, एकाच फडक्याने वीस-पंचवीस गाड्या पुसतात, त्यांना लावू का? शोरूमवाले टेफ्लॉन कोटिंगसाठी मागे लागलेत ते वेगळंच. आणि पुढच्या अलॉय चाकांवर आठ दिवसांत काळी पूड बसलीय, मागे नाही, काही बिघाड आहे का?

काळीगाडी: भाऊ, फडकं लावूच नकोस. मी दीड वर्ष असंच पुसून घेतलं, एकदा रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली बघतो तर अख्ख्या बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं कोळ्यासारखं जाळं! धूळ म्हणजे बारीक वाळूच की, ती फडक्यात अडकते आणि पुढच्या गाडीवर घासली जाते. पॉलिश करून घेतलं पण पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, थोडा खरवडणंच, तो असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन, केसाहून बारीक, कितीदा खरवडणार. काकांचे पैसे मात्र तोडू नकोस, आतून मॅट न् काचा पुसायला सांग.

नाशिककर_ताई: हळदीची काळजी नको, शाम्पूने धुऊन उन्हात उभी कर, हळदीचा रंग उन्हाने उडतो, आमचा दोन-तीन दिवसांत गेला. धुताना आधी नुसतं पाणी मारून धूळ सोडवायची, मग दोन बादल्या, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. वरून खाली यायचं, दाराचा खालचा भाग शेवटी. भांड्याचं लिक्विड नको, मेण असेल ते उतरतं. बोअरचं पाणी असेल तर सकाळी लवकर धू आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घे, उन्हात वाळलं की पांढरे ठिपके बसतात ते सहजी जात नाहीत. पक्ष्याची शिट दिसली तर खरवडू नकोस, ओलं कापड दहा मिनिटं ठेव, आपोआप सुटते.

गॅरेजवाला: बिघाड नाही हो, ती ब्रेक पॅड-डिस्कची पूड. जास्त ब्रेक पुढची चाकं लावतात, आणि मागे बंद ड्रम ब्रेक असेल तर पूड आतच राहते. त्यात लोखंड असतं, आठवडेच्या आठवडे राहिली तर गंजून रिमला चिकटते. चाकं गार झाल्यावरच धुवा, त्यांचं फडकं न् ब्रश वेगळा, चुकूनही बॉडीला लावू नका. ॲसिडवाला क्लीनर नकोच. आणि धुऊन लगेच उभी करू नका, गल्लीत एक चक्कर मारून ब्रेक दाबा म्हणजे डिस्क वाळते. टेफ्लॉन काही महिन्यांत उतरतं, सिरॅमिक जास्त टिकतं, पण खडी उडाली तर दोन्ही काही कामाचं नाही, त्याला पीपीएफच, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. तोवर दर तीन महिन्यांनी घरीच वॅक्स मारा.

नवशिक्या_पुणे: हळद गेली ताई, थँक्यू! काकांना सांगितलं बाहेरून पुसू नका, तर म्हणाले, “साहेब, मळकी गाडी बघून लोक मलाच बोलतील.” आता रविवारी मीच बादल्या घेऊन खाली उतरतो आणि काका बाजूला उभे राहून चुका काढतात.