मदत हवी आहे: मुंबईला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची मिळकत कशी मोजावी?

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. परंतु मुलांची पुढील मिळकत शाळेमुळे ठरते की आईवडिलांचे शिक्षण आणि जमीन यांमुळे, हे मला रत्नागिरी तालुक्यातील एका शाळेच्या जुन्या तुकड्यांवरून तपासायचे आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पालकांच्या शिक्षणाची नोंद नाही. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या (देशभरातील निवडक कुटुंबांची पाहणी) 2004-05 आणि 2011-12 च्या फेऱ्या पाहिल्या, पण एका तालुक्यासाठी तो नमुना अपुरा आहे. गावात राहिलेल्यांनाच विचारले, तर शिकून मुंबईला गेलेले (आमच्याकडे तेच अधिक) निसटतात. निधी नाही, फोनवर विचारणा शक्य आहे. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांमार्फत संपर्क साधल्यास मंडळांत न येणाऱ्यांची उणीव कशी भरून काढावी?