रविवारचा 'मशीन वॅक्स' कॅम्प: गाडी द्यायची की हातानेच करायचं?

सचिव, बी-१०१: सर्वांना नमस्कार 🙏 येत्या रविवारी सकाळी ८ पासून बेसमेंटमध्ये एक डिटेलिंगवाले (गाड्या साफ करून चकचकीत करून देणारे) 'मशीन वॅक्स' कॅम्प लावणार आहेत. १० गाड्या झाल्या तर सवलत मिळेल. फ्लॅट नंबर आणि गाडी टाका. मशीनला कॉमन लाइट द्यायची का, तेही सांगा.

राहुल, ए-६०३: माझी घ्या. पांढरी स्विफ्ट. पावसाळ्याआधी होऊन जाईल.

मेघना, सी-४०१: आमची पण.

प्रभाकर काका, ए-३०१: सचिवसाहेब, नावं घ्यायच्या आधी त्यांना एकच विचारा. मशीनला काय लावून फिरवणार? वॅक्स, पॉलिश की रबिंग कंपाउंड? पहिलं रंगावर थर चढवतं, बाकीची दोन रंग घासून काढतात. बोर्डावर 'मशीन वॅक्स' लिहितात आणि गाडीवर कंपाउंड फिरवतात, असं सर्रास चालतं.

राहुल, ए-६०३: काका, पण चकाकी मशीननेच येते ना? हाताने कितीही पुसली तरी तेवढी नाही येत.

प्रभाकर काका, ए-३०१: येते, आणि का येते ते सांगतो. माझी सगळी नोकरी पिंपरीकडे गाडीच्या कारखान्यात पेंट शॉपला गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी आख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने ईडी कोट चढवतात, तो गंजासाठी. त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. मध्ये मध्ये ओव्हन. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन होतात. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे केसाहूनही पातळ. चकाकी या थराची, आणि ऊन अडवणारी द्रव्यंही याच थरात.

वर बारीक ओरखडे पडले की प्रकाश वेडावाकडा फुटतो आणि गाडी मळकट दिसते. मशीन त्या ओरखड्यांच्या तळापर्यंत क्लिअर कोट घासून सपाट करतं. म्हणून एकदम आरसा दिसतो. पण घासलेलं परत येत नाही. दर वर्षी कॅम्पला गाडी लावलीत तर काही वर्षांत बॉनेट आणि छतावर पांढरे चट्टे सुटायला लागतील. क्लिअर कोट सुटला की पॉलिश, वॅक्स कशाचाच उपयोग नाही, सरळ रीपेंट.

निनाद, सी-२०४: काका, माझ्या काळ्या सेडानचं हेच झालं बहुतेक. मागच्या वर्षी बाहेर एकाकडे मशीन मारून घेतलं. घरी आणली तेव्हा एक नंबर. दोन-तीनदा धुतल्यावर उन्हात बघितली तर आख्ख्या बॉनेटवर गोल गोल ढगासारखे पट्टे. बाजूने चालत गेलं की पट्टेही सरकतात. त्याला विचारलं तर म्हणाला, 'काळ्या रंगाला असंच होतं.'

स्नेहल, बी-५०२: निनाद, काळ्या रंगाला होत नाही, काळ्या रंगावर दिसतं. याला होलोग्राम म्हणतात. रोटरी मशीन आणि लोकरीचा पॅड वापरून वर फिनिशिंगचा हात न मारता सोडलं की हे पट्टे राहतात. पॉलिशमधलं तेल ते काही दिवस झाकतं. दोन-तीन धुण्यांत तेल गेलं की खालचं खरं काम दिसतं.

काका, तुमचं सगळं पटलं, पण मशीनला सरसकट नाही म्हणू नका हं. माझ्याकडे स्वतःचं डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन आहे. रोटरी एकाच आसावर गरगर फिरतं, एका जागी धरलं की तिथे गरम होतं. कडा आणि बॉडीलाइनवर तर रंगच पातळ असतो, पहिला तिथेच जळतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर उष्णता पसरत नाही, तिथेही तेच. डीए फिरतंही आणि हलतंही. जास्त दाबलं तर पॅडचं फिरणंच थांबतं, त्यामुळे रंग जळायची भीती फार कमी.

सगळ्यात घातक म्हणजे चार इंची ग्राइंडरला पॅड लावून केलेलं काम. पॉलिशिंगचं मशीन मिनिटाला ६०० ते ३००० फेऱ्यांत चालतं, ग्राइंडर ११,००० च्या घरात. रविवारी कुणाच्या हातात ग्राइंडर दिसला तर गाडी तिथून काढून घ्या.

प्रभाकर काका, ए-३०१: स्नेहल, अगदी बरोबर. माझा विरोध मशीनला नाही, वॅक्सच्या नावाखाली रंग घासण्याला आहे.

सुजाता काकू, ए-१०४: मला एक सांगा गं. गाडी मी स्वतः धुते, वॅक्सही मीच करते. पण उजवा खांदा धरलाय. मशीनने नुसतं वॅक्स लावलं तर चालतं का?

स्नेहल, बी-५०२: चालतं काकू. डीए, सगळ्यात मऊ फोमचा पॅड, सगळ्यात कमी वेग आणि पॅडवर फक्त वॅक्स. थर एकसारखा आणि पातळ बसतो, खांद्याला त्रास नाही. आरसे, हँडल, नंबरप्लेटच्या आजूबाजूला मात्र हातानेच. माझं मशीन घेऊन जा, पॅड नवा देते. जुन्या पॅडमध्ये कंपाउंड उरलेलं असतं.

मेघना, सी-४०१: हाताने करायचं तर नेमकं कसं? मी एकदा केलं तर सगळीकडे पांढरे डाग राहिले, काळ्या प्लॅस्टिकवरचे अजून गेले नाहीत.

प्रभाकर काका, ए-३०१: मेघना, वॅक्स जाड लागलं. बहुतेकांचं तिथेच बिघडतं.

गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. बॉनेटवर तळहात ठेवून बघायचं, कोमट लागला तरी थांबायचं. भांड्याचा साबण नको, कार शॅम्पूने धुवायची. कोरडी झाली की प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरव. खरखर लागली तर धूळ-डांबर चिकटलंय, ते क्ले बारने (मऊ मातीसारखी वडी, चिकटलेली घाण ओढून घेते) काढायचं, क्ले कोरडा कधीच फिरवायचा नाही, भरपूर लुब्रिकंट मारून. काळ्या प्लॅस्टिकवर आधी चिकटपट्टी लावून टाक.

मग ओलसर फोमवर नखाएवढं वॅक्स घ्यायचं. तेवढ्यात निम्मा दरवाजा व्हायला पाहिजे. लावल्यावर नुसती धुकट छटा दिसली पाहिजे, पांढरा लेप नाही. एकावेळी एकच पॅनल. थोड्या वेळाने बोटाने एक रेघ ओढायची. रेघ स्वच्छ, चकचकीत उमटली तर पुसायची वेळ झाली, बोटाखाली फराटा उठला तर अजून थांब. पुसायला मायक्रोफायबर, त्याची चौघडी घालायची आणि दर पॅनलला बाजू बदलायची. कापड जमिनीवर पडलं तर झटकून परत वापरायचं नाही, सरळ धुवायला.

यात मशीन जिंकण्यासारखं काही नाही. हाताने लावलेलं वॅक्स कमी टिकत नाही. कार्नोबा, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ते आपल्या ऊन-पावसात महिना-दोन महिने पुरतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच लावायचं कृत्रिम द्रव्य, त्याहून जास्त. पाण्याचे गोल थेंब उभे राहायचे बंद झाले की परत लावायचं.

राहुल, ए-६०३: मग ओरखडे? ते वॅक्सने जातात का?

स्नेहल, बी-५०२: नाही. नख आडवं फिरव. अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशनेही पूर्ण जाणार नाही. नख अडकत नसेल तर डीए आणि बारीक पॉलिशने जाईल. तिथे हात कमी पडतो हे मान्य करायला हवं, तासभर घासूनही हाताने एकसारखं होत नाही.

अविनाश काका, बी-२०३: आमची जुनी लाल ८०० आहे, बॉनेट पार गुलाबी पडलंय. हाताने पॉलिश लावलं तर फडक्यावर लाल रंग आला. घाबरून थांबलो.

प्रभाकर काका, ए-३०१: अविनाशराव, घाबरू नका. तुमच्या गाडीवर वेगळा क्लिअर कोट नाही, रंगाचाच थर वरपर्यंत आहे. वरचा उन्हाने मेलेला भाग निघतोय. तुमच्याच गाडीला मशीन खरं लागू पडेल, पण हलक्या हाताने आणि एकदाच. नंतर वॅक्स चुकवू नका. नव्या गाडीत मात्र फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर क्लिअर कोट संपला असं समजायचं.

मेघना, सी-४०१: आमचा बंपर मागच्या आठवड्यातच रंगवलाय. आणि बी विंगच्या एकांची सिरॅमिक कोटिंगवाली आहे.

स्नेहल, बी-५०२: बंपरला महिना-दोन महिने वॅक्स नको, ताज्या रंगातला सॉल्व्हंट उडून जाऊ दे. पेंटरला विचारून घे. सिरॅमिकवाल्यांनी कॅम्पला जाऊच नये, कंपाउंडने पैसे देऊन लावलेलं कोटिंगच निघेल. मॅट रंग असेल तर वॅक्सही नको, पॉलिशही नको.

प्रभाकर काका, ए-३०१: सचिवसाहेब, आता मुख्य मुद्दा. हे बारीक ओरखडे पडतात कुठे? आपल्याच पार्किंगमध्ये. सकाळी सहाला कोरड्या फडक्याने गाड्या पुसल्या जातात. मेट्रोच्या कामाची आणि शेजारच्या बांधकामाची सगळी धूळ त्या फडक्याखाली घासली जाते. पुसणाऱ्या पोराला मी दोष देणार नाही. एक बादली, एक फडकं आणि तीस-पस्तीस गाड्या, तो तरी काय करणार? पहिल्या दोन गाड्यांनंतर बादलीत चिखलच असतो. मशीन मारून ओरखडे काढायचे आणि सोमवारपासून पुन्हा तेच फडकं, म्हणजे पैसेही गेले आणि क्लिअर कोटही.

कॅम्पच्या पैशांतून आधी त्याला मायक्रोफायबरचा गठ्ठा, दोन बादल्या आणि नळाजवळ जागा द्या. धूळ जास्त असेल त्या दिवशी नुसतं पाणी मारायचं, पुसायचं नाही.

निनाद, सी-२०४: पूर्ण पाठिंबा. पण बोअरचं पाणी मारून तसंच सोडलं तर क्षाराचे पांढरे ठिपके पडतात, माझ्या मागच्या काचेवर पडलेत.

स्नेहल, बी-५०२: पाणी सुकू द्यायचं नाही, लगेच टिपून घ्यायचं. ताजे ठिपके पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून निघतात, वर साधं पाणी मारायचं. ठिपके न काढता वॅक्स लावलं तर ते खालीच राहतात.

सुजाता काकू, ए-१०४: फडक्यांचे पैसे मी द्यायला तयार आहे. पोरगं चांगलं आहे, सांगितलं तर करेल.

सचिव, बी-१०१: डिटेलिंगवाल्यांशी आत्ता बोललो. मशीन रोटरी आहे आणि सगळ्या गाड्यांना आधी कंपाउंड मारणार होते. रंगाची जाडी मोजायचा गेज त्यांच्याकडे नाही. मी सांगितलं, गेज आणि डीए असेल तरच या. ते पुढच्या रविवारी आणतो म्हणाले. म्हणून हा रविवार रद्द.

आधीची नावं काढून टाकतोय. पुढच्या वेळी नाव देताना 'फक्त वॅक्स' की 'पॉलिश आणि वॅक्स' ते लिहा. अविनाश काका, तुमची गाडी पहिली. कॉमन लाइट द्यायची झाली तर सब-मीटर लावून, बिल कॅम्पवाल्यांच्या नावावर.

फडकी आणि बादल्या उद्या आणतो. नळाशेजारचे दोन स्लॉट सोमवारपासून गाडी धुण्यासाठी राखीव. तिथे सध्या ज्यांच्या टू-व्हीलर आहेत त्यांनी रविवार रात्रीपर्यंत हलवाव्यात, जागा मी दाखवतो.