मदत हवी आहे: डिस्कवरचा कुठला रंग खरा मानायचा?

मंडळी, रत्नागिरीत आम्ही चार टाळकी पावसाळ्यात (लाईट टिकली तर!) जुने पिक्चर डिस्कवर बघतो, आणि आता 'द फ्रेंच कनेक्शन' घ्यायचाय पण कुठली ब्ल्यू-रे घेऊ तेच कळत नाहीये. 2009 च्या डिस्कचे रंग डिरेक्टर फ्रीडकिनने स्वतः बसून बदललेले, फिकट आणि मधेच पसरल्यासारखे, त्यावर कॅमेरामन ओवेन रॉइझमन उघडपणे भडकला होता आणि 2012 ला त्याला सोबत घेऊन परत नवीन काढली. म्हणजे डिरेक्टरने पास केलं म्हणून ते थेटरातल्या प्रिंटसारखंच असेल असं काही नाही ना? डिरेक्टर वाँग कार-वायनेही 'इन द मूड फॉर लव्ह' 4के करताना हिरवट केलाच की. माझं मत विचाराल तर कॅमेरामनचं ऐकावं, पण आमचा दादा म्हणतो पिक्चर डिरेक्टरचा, तू कोण.

दुसरं म्हणजे टीव्ही. व्हिव्हिड मोडला सगळ्यांचे चेहरे कोकम सरबत फासल्यागत, फिल्ममेकर मोड लावला की घरचे म्हणतात पिवळं दिसतंय. त्या मोडमधला डी65 चा (टीव्ही-व्हिडिओसाठी प्रमाण धरलेला) पांढरा असाच दिसतो का? चिपळूण-रत्नागिरीकडे कोणाकडे रंग मोजायचं मीटर असेल तर सांगा, भाडं देतो.